तणशीची बंडी अन दिव्यानीचं मॉडेल

...अन वरून दिव्यानी म्हणते, मॉडेलात तं बराबर होतं! अरे होतं नं! पण तुम्हाले सांगतो, त्या अल्ताफ मिस्त्रीची काय हालत झाली, कोणी इचारलं?

सिंदेवाहीचे बापूजी, धानवाले शेतकरी. त्यायची पोरगी दिव्यानी आर्किटेक्ट होऊन आली अन म्हणे, बाबा, आपलं नवं घर बीआयएमवर करू. म्हणजे काय, तं जमिनीवर एक ईट लागाच्या आधी सारं घर कम्प्युटरात बांधाचं! भीत, बीम, पाईप, वायर, सगळं! अल्ताफनं तीस वर्षं भिती बांधल्या अन नळवाला आला का त्याच फोडल्या. तो स्क्रीनपुढं बसला अन उडालाच नं बाप्पा! संडासाचा पाईप सीधा बीममधी घुसून राह्यला, अन टक्कर होते तिथं लालभडक! दिव्यानीनं पाईप सरकवला, लाल गायब. अल्ताफ वरडला, "या खुदा! मॉडेलात सगळं दिसते!"

मंग काय, पानठेल्यावर, बस स्टँडवर, एकच... मॉडेलात सगळं दिसते! बापूजींचे साळे गुणवंतराव, त्यायले दोन मजली घर बांधाचं होतं. म्हणे, "अल्ताफ, या घरात एकबी तोडफोड झाली नाई, तं माह्यं काम तुले. झाली तं विसर." अल्ताफ म्हणे, "लिहून घ्या भाऊ!"

अन झालं जी बापूजींचं घर, एकदम टकाटक! अंगणाच्या गेटातून बंडी जाते का नाई, तेबी दिव्यानीनं टेप लावून, बैलासकट मॉडेलात पाह्यलं होतं! मंग धान निंघालं, गडी चैतू तणीस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, भरून बैलबंडी घेऊन आला, हे उंच... अन गेटाच्या बीमखाली अटकली! ना पुढं, ना मागं! बापूजी भडकले, "काऊन रे अल्ताफ, हे नाई दिसलं?" दिव्यानी हळूच म्हणे, "बाबा, बंडी मी उन्हाळ्यात मोजली... रिकामी होती."

तणीस उतरवली. पण दरसाल का गेटाबाहेर उतरवाची? बापूजी म्हणे, फोड! अल्ताफनं आपल्याच हातानं गेटाच्या बीमवर घन घातला, अन समोर गुणवंतराव उभे! गेलं नं काम! रडाले आलं जी त्याले!

पण गुणवंतराव म्हणे, "काम तुलेच. मॉडेलबी पाह्यजे. फक्त बंडी भरून, मी वर बसल्यावर मोजाची."

आज तिसरा दिवस. गुणवंतराव तणशीवर बसून हायेत, रोज दोन पेंढ्या वाढवून राह्यले, अन अल्ताफ खालतून टेप धरून इचारते, "भाऊ, डोक्याले दुपट्टा बांधून मोजू का काढून?"