साफ केलेली दाद

नाही हो, सीडी बिघडलेली नाहीये. छान वाजते — तीच तर तक्रार आहे. बदलून नको मला, आधी ऐकून तरी घ्या. ह्या पियानोवाल्या बाई पुण्यात आल्या होत्या ना, तेव्हा त्यांचा पियानो सुरात लावला तो आमच्या ह्यांनी. कॅम्पात पाटी होती, करीम पियानोवाले — नाव मी घेत नाही, पाटी सांगतेय. तर कार्यक्रमाला आम्हा दोघांना मागे बसवलं. सगळे मिठाची गुळणी धरून बसलेले. पियानोला म्हणे मधेच दाद द्यायची नसते. हे कव्वालीत वाढलेले, ह्यांना कुठलं ठाऊक? एक जागा अशी काही आली, आणि हे केवढ्यांदा म्हणाले, ‘क्या बात है!’ अख्खं सभागृह मागे वळलं. मी पदर तोंडावर ओढला. पुढे त्याच कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली, तर तिच्यात हे आहेतच.

वर्षभरात गेले हो. तन्वीर पोटात होता — आता हिंजवडीत असतो, कंपनीची बस येते न्यायला. त्याने बापाचा आवाज ऐकलाय तो एवढाच. ईदला नमाजाहून आला की आधी रेकॉर्ड, मग शीरखुर्मा. पियानोतलं त्याला ओ की ठो कळत नाही.

मग ही सीडी काढणारे आले. त्यांची मूळ टेप खराब झालेली, आमची रेकॉर्ड जपलेली — दिली मी. का नाही देणार? परत आली ती कुठे उन्हात पडून, वाकून पापड झालेली. म्हटलं जाऊ दे, सीडी येतेय. आली, तर तिच्यात हे नाहीतच. काय म्हणता, त्यांच्या लक्षात आलं नसेल? आलं नसतंच कदाचित, मीच दाखवलं ना. कौतुकाने सुई नेमकी तिथे ठेवली, म्हटलं, हे आमचे. ते गृहस्थ म्हणाले, बरं झालं सांगितलंत, नीट करतो. केलं नीट. मीच बोट दाखवलं आणि तेवढंच पुसलं गेलं — जेवण जात नाही हो तेव्हापासून.

तन्वीरला अजून बोलले नाही. ईद आलीय तोंडावर. म्हणून विचारते, साफ न केलेली कुठे मिळते का?

नाही. बरं.

इथे लावून बघता? लावा, तुमचे स्पीकर मोठे आहेत. अजून पुढे घ्या — हं, इथून. आता बोलू नका जरा. आता येईल —

बंद करा. पिशवी नको, तशीच द्या.