आयफोनातली होळी

अक्कलकुव्याला मोलगीची जीप भरायची वाट बघत सीमा मागच्या बाकावर बसली होती. पुढे बहीणभाऊ पावरीत बोलत होते. पावरी सीमाच्या घरचीच बोली, त्यामुळे तिचे कान आपसूक तिकडे वळले.

“अँड्रॉइड सोडलास म्हणे, रेंग्या?”

“हो, बाई. सुरतेत आयफोन घेतला. वापरलेलाच आहे, पण फोटो बघ कसे येतात.”

“फोटोचं राहू दे. माझ्या सासरच्या गावची होळी आहे ना त्यात?”

“यातलं कॅलेंडर होळी एकच दिवस दाखवतं. सगळ्या मुलखाची मिळून एक.”

“असं कसं? तुमची एका दिवशी, आमची दुसऱ्या. आपल्या डोंगरात गावागणिक होळीचा दिवस वेगळा, एवढंही कळत नाही त्याला?”

“त्याला कोण सांगणार? जुन्यात मीच एकेक गावाची तारीख घालून ठेवली होती.”

“मग ती इकडे नाही आली?”

“नंबर आले, फोटो आले. होळ्या नाही आल्या.”

“मेल्या, मग आमच्याकडे ढोल घेऊन येणार कसा तू? दुकानदाराला सांगायचं होतंस, सगळं आण म्हणून.”

“त्यानंच विचारलं, सगळं आणू का?”

“मग?”

“म्हटलं, बाकी सगळं आण, होळ्या तेवढ्या राहू दे.”

“का रे असं?”

“तुझ्या होळीची तारीख फोनात आली, तेव्हापासून तू सांगावा घेऊन माझ्या दारात आलीच नाहीस, बाई.”