टोपड्याच्या नाड्या

सिव्हिल लाइन्सच्या प्रसूतिगृहात माझ्या समोरच्या बाकावर दोन विहिणी बसल्या होत्या. आत एकीची लेक, म्हणजे दुसरीची सून, होती.

“आम्हा कॅथलिकांत बुद्धी आधी, विहीणबाई. विचार करत करत माणूस देवापर्यंत पोचते.”

“आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये विश्वास आधी. विचार मागून येते.”

“पुरावा नसताना विश्वास कसा ठेवता जी?”

“तुम्ही हे काय विणून राहिल्या?”

“नातवंडाचं टोपडं.”

“मागच्या दोन्ही वेळी बाळ हाती नाही आलं. मग यंदा कोणत्या पुराव्यावर विणून राहिल्या?”

“आणि तुमचा एवढा विश्वास, तर सकाळपासून नर्सला पाचदा काहून विचारलं?”

“देवानं डोकं दिलं, म्हणून विचारलं.”

“अच्छा! चलो, नाड्या तेवढ्या राहिल्या. एक तुम्ही लावा.”