बोगद्यातून बाहेर येईपर्यंत

मी मूळची कात्रजची, घाटाच्या पायथ्याची. आता तिथं मोठमोठ्या इमारती झाल्यात, पण माझ्या लहानपणी आमच्याकडून पुण्याला जाणं म्हणजे परगावी जाणं असायचं, बायका ठेवणीतलं लुगडं नेसून बसमध्ये बसायच्या. वडील शेती करायचे, मेथी, घेवडा, वाटाणा काढून मंडईत घालायचे, आणि आई, आईचं काय सांगू तुम्हाला, आई घरात नुसती वाघीण होती, गोठा म्हणू नका, चूल म्हणू नका, आम्ही चार भावंडं, दोन दीर, कुठं काही कमी पडू द्यायची नाही. पण गावच्या वेशीबाहेर पाऊल पडलं की तिला कापरं भरायचं. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास पुरायचा नाही, मी मरते आता, मला घरी न्या, एवढंच म्हणत राहायची. घरी आणली की थोड्या वेळानं उठून भाकरी थापायला बसायची, आणि तेच तिला नडलं, कारण आमची चुलती म्हणायची, समदी नाटकं हायत, घरी आली की बरी कशी होती मग?

देवऋषी झाले, गंडेदोरे झाले, डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं. काही उपयोग नाही.

मग आजोबा गेले, आईचे वडील. माहेर घाटापलीकडचं. निरोप आला तशी जीप बोलावली, आई पुढं बसली, मला मांडीवर घेतली, आणि घाट सुरू झाला तशी तिनं माझा हात असा काही आवळला की मला रडू फुटलं, पण मी आवाज केला नाही. दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर आईनं जीप थांबवायला लावली आणि खाली उतरली. वडील म्हणाले, अगं बाप गेलाय तुझा. ती म्हणाली, ठावं हाय मला. आणि ती माघारी चालत सुटली, उतारानं, एकटी, मी तिच्या मागं पळत. वडील तसेच पुढं गेले. माहेरच्यांनी पुढं तिचं नाव टाकलं, भावानं शेवटपर्यंत तोंड बघितलं नाही, आणि तीही शेवटपर्यंत घाट चढली नाही. ती गेली तेव्हा मी कुठं नुकतीच नोकरीला लागले होते. म्हणजे तिच्यासाठी मला काही करता आलं नाही, हे आधीच सांगून टाकते, लोकांना वाटतं मी शिकून आईला बरं केलं असेल.

मी शिकले मात्र तिच्यामुळंच. कॉलेजात मानसशास्त्र घेतलं ते नुसतं सोपं जातं म्हणून, मैत्रिणीनं घेतलं म्हणून, आणि एक दिवस बाई भीतीच्या आजाराबद्दल शिकवत होत्या, अचानक छाती धडधडते, मरतोय असं वाटतं, मग माणूस ती जागाच टाळायला लागतो, आणि जितकं टाळतो तितकं त्याचं जग लहान होत जातं. मी लिहायची थांबले. माझ्या आईचं वर्णन वर्गात चाललंय आणि शेजारची मुलगी जांभई देतेय, असं झालं माझं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसली, की आईला सगळे जण घाबरू नकोस घाबरू नकोस म्हणत होते, पण घाबरायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय, हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं. पोहायला येत नाही त्याला काठावरून बुडू नकोस म्हणून ओरडून काय होणार?

म्हणून माझं काम शिकवण्याचं. आधी एका दवाखान्यात होते, आता शनिवार पेठेत जिन्यावरची एक खोली आहे, मोठी माणसं येतात, बँकेतली, दुकानातली, गृहिणी, आयटीतली पोरं. मी बोलते कमी आणि करवून घेते जास्त. श्वास सोडायचा कसा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ कसा लावायचा. अंगात काय चाललंय ते न पळता बघायचं कसं. धडधडीला लोक घाबरतात ना, मग मी त्यांना आमचा जिना पळत चढायला लावते, मुद्दाम धडधड आणायची आणि तिच्याबरोबर बसून राहायचं, ती चढते तशी उतरते हे अंगाला कळू द्यायचं. खालचा शिंपी मला म्हणाला होता, ताई, तुमच्याकडं माणसं बरी व्हायला येतात का पोलीस भरतीला?

पण तुम्हाला सांगायचंय ते मुनाफभाईंचं. नाव मी बदललंय, आणि त्यांना विचारूनच सांगतेय.

कसबा पेठेतले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, चाळिशी उलटलेली. एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायचे, बस एका खासगी मालकाची, रोज सकाळी बोगद्यातून घाटापलीकडं आणि संध्याकाळी परत. एकदा बोगद्यात पुढं एका टेम्पोचं इंजिन पेटलं, धूर भरला, कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून बोगदा आला की त्यांची छाती धरायची. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, खाली बघून, आणि दुसऱ्या भेटीत सांगितलं की परवा हातापायांतलं बळच गेलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, मी बस बोगद्यातच उभी केली आणि इंजिन तापलं म्हणून खोटं बोललो. बसमध्ये किती जण होते, मी विचारलं. बस भरलेली होती, म्हणाले.

मी म्हटलं, मुनाफभाई, तुम्ही शिकेपर्यंत बस चालवायची नाही.

ते हसले. मॅडम, मी ड्रायव्हर आहे. न चालवून काय करू, तिकिटं फाडू?

मी म्हटलं, मालकांना तुम्ही स्वतः सांगा. इथलं बोलणं मी बाहेर नेत नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर नेते, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. उद्या संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा, तोवर गाडीला हात लावू नका, नाहीतर मला सांगावं लागेल.

त्यांचा चेहरा असा दगडासारखा झाला. मी तुमच्यावर विश्वास ठेवला, म्हणाले, आणि उठले, आणि गेले. चप्पल घालतानाचा आवाजसुद्धा ऐकू आला मला.

लगेच मी माझ्या गुरूंना फोन केला, ज्यांच्याकडं मी शिकले, वयस्कर बाई आहेत, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर केलंस, आता धीर धर. धीर धर म्हणणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बसची वेळ झाली तशी मी चहा टाकला आणि तो उतू गेला तरी मी तिथंच उभी. त्यांनी बस काढली असेल तर? मी कालच मालकाला कळवायला हवं होतं का? आणि कळवलं, नोकरी गेली, आणि माणसानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर? शेवटी मी त्यांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मुनाफभाई, आणि पुढं त्यांची बायको. शमीमबाईंना आदल्या रात्रीपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही आमच्या पोटावर पाय देताय, तुम्हाला काय, तुमची खुर्ची कुठं जात नाही. मी म्हटलं, बाई, खरं आहे तुमचं, मला राग कळतो, पण आज सकाळी बस कुणी काढली? त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. मुनाफभाई म्हणाले, मी नाही काढली. आजारी आहे म्हणून सांगितलं. मग तिथंच, माझ्यासमोर, त्यांनी मालकाला फोन लावला. शमीमबाईंनी त्यांचा मोकळा हात धरला, माझ्याकडं न बघता. पलीकडून मालक एवढंच म्हणाला, गॅरेजवर ये उद्यापासून, गाड्या बघ, बाकीचं पुढं पाहू.

मग आमचं काम सुरू झालं. जिना, श्वास, धडधड. मग स्कूटरवरून बोगद्याच्या अलीकडं जाऊन नुसतं उभं राहायचं. मग दुसऱ्याच्या गाडीत मागं बसून आरपार. दोनदा ते अर्ध्या वाटेतून परतले, एकदा तर आठवडाभर आलेच नाहीत. आणि मग एका रविवारी मालकानं रिकामी बस दिली. स्टिअरिंगवर मुनाफभाई, शेजारी त्यांचे जुने सहकारी बापू, गरज लागली तर गाडी हातात घ्यायला, आणि मागच्या पहिल्या सीटवर मी.

अर्ध्या बोगद्यात पुढचा ट्रेलर बंद पडला.

सगळं थांबलं. पिवळे दिवे, हॉर्न असे घुमायला लागले की कानात बोट घालावं, आणि डिझेलचा वास. मुनाफभाईंच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. बापूंचा हात हँडब्रेककडं सरकला. आणि खरं सांगू का, मी स्वतः पुढची दांडी घट्ट आवळून धरली होती, मला एकदम माझ्या आईची मूठ आठवली.

मॅडम, मी दार उघडून जातो, ते म्हणाले.

दार तुमच्याच हातात आहे, मी म्हटलं. त्याआधी मला सांगा, कुठं जाणवतंय?

छातीत.

अजून कुठं?

जीभ. जीभ लाकडासारखी झालीय.

बरं. आता आपण कुठं आहोत?

ते बोलेनात. मीही बोलले नाही, कारण इथं शिकवणाऱ्यानं गप्प बसायचं असतं, आणि तेच सगळ्यात अवघड. मग त्यांनी आपण होऊन इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि मोठ्यानं बोलायला लागले, पुढं ट्रेलर आहे, निळा, त्याची साखळी लोंबतेय, डाव्या हाताला रिक्षा, रिक्षावाला तंबाखू मळतोय, आणि मध्येच श्वास सोडायचे, लांब, अगदी पोट आत जाईपर्यंत. परत ट्रेलर, परत रिक्षा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग आवाज खाली आला. मग म्हणाले, उतरतेय. थोडी उतरतेय.

ट्रेलर हलला. आम्ही बाहेर पडलो, उजेडात, त्यांनी बस कडेला घेतली, पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बापू चहा घेऊन आले. चहा पिऊन झाल्यावर मुनाफभाई म्हणाले, मॅडम, परत जायलाही हाच बोगदा आहे, हे तुम्ही आधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही विचारलं नव्हतं. आणि आम्ही परत गेलो.

आता ते तीच बस चालवतात. भीती गेली का म्हणाल तर पूर्ण गेलेली नाही, येते अधूनमधून, आली तर काय करायचं ते त्यांना ठाऊक आहे, आणि जास्त झाली तर मालकाला सांगतात, बापू जातात. सगळ्यांचं असं होतं असं समजू नका. कित्येक जण दोनदा येऊन गायब होतात, फोन उचलत नाहीत, त्यांचं पुढं काय झालं ते मला कधी कळत नाही. ते मनात घेऊनच हे काम करायचं.

मागच्या आठवड्यात मंडईत भाजी घेत होते, समोरून मुनाफभाई आणि शमीमबाई, बरोबर त्यांचे पाहुणे. मुनाफभाईंनी ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही, आमच्यात तसंच ठरलेलं असतं, कुणी विचारलं या कोण, तर माणसानं काय सांगायचं? पाहुणे त्यांना विचारत होते, घाटापलीकडं लग्नाला जायचंय, कसं करायचं, आणि मुनाफभाई म्हणाले, त्यात काय, मी नेतो की. शमीमबाई माझ्या अंगावरून पुढं गेल्या, हातात जुडी, नवऱ्याशी कोथिंबिरीच्या भावावरून हुज्जत घालत. मी मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि त्या गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिले. असू देत. जातील तिथून सगळे सुखरूप घरी येऊ देत, एवढंच माझं मागणं.