नातीची अंघोळ

रुखमाबाई : आशाबाई अजून आली कशी नाही व? पाणी निवून राह्यलं.

करिष्मा : ती येत नाही, माय. मीच फोन करून नको म्हटलं.

रुखमाबाई : काऊन? गावातली अर्धी लेकरं तिच्या पायावर न्हाली.

करिष्मा : त्यायची हाडं मजबूत होती. ही माह्यावर गेली. आशाबाई हात-पाय ओढते, गुडघा कोपराले लावते. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलं ना तू? लंगोट बदलताना पाय धरून उचललं तरी हाड मोडू शकते.

रुखमाबाई : मंग तूच घाल अंघोळ.

करिष्मा : पोटाचे टाके ओले हायेत. वाकता येत नाही. तू घाल.

रुखमाबाई : मी नाही घालत.

करिष्मा : आठ दिवस झाले, नातीले एकदाही घेतलं नाही तू. दवाखान्यात नर्स देत होती, त पिशवी भरायले पळाली. पोरगी झाली म्हणून? का माहं दुखणं घेऊन आली म्हणून?

रुखमाबाई : असं बोलू नको व. जीव तुटते माहा तिच्यासाठी.

करिष्मा : मंग?

रुखमाबाई : तुहा पाय पहिल्यांदा कसा मोडला, ठाऊक हाये ना?

करिष्मा : हाव. पाळण्याची कडी तुटली, मी खाली पडली. विसाव्या दिवशी.

रुखमाबाई : पाळण्यातून नाही पडली तू. म्या मोडला. आशाबाई लग्नाले गेली होती. म्हटलं, आपणच चोळू लेकराले. तिच्यासारखाच गुडघा कोपराले लावला अन् कट्कन आवाज आला. तुह्या बाबाले काय सांगू? पाळण्यावर ढकललं. ज्यानं तो पाळणा केला त्या नारायणराव सुताराशी तुहे बाबा मरेपर्यंत बोलले नाही. मी गुमान पाहत राह्यली.



करिष्मा : मी माह्या पोरीले पाळणा बांधू देला नाही, माय. भेव वाटते मले पाळण्याचं.

रुखमाबाई : चुकलं व माहं. लई चुकलं.

करिष्मा : पाय मोडला ते नाही चुकलं. शिंक आली तरी बरगडी मोडते माही, तवा कोणाले ठाऊक होतं हे दुखणं? पण तू सांगायले पाह्यजे होतं. बत्तीस वर्सं, माय!

रुखमाबाई : तू माह्यापाशी आली नसती मंग.

करिष्मा : रडू नको आता. हात पूस. इकडे ये. बोटं पसरव. एक पंजा डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. काखेत धरायचं नाही. चोळायचंही नाही, नुसतं पाणी सोडायचं.

रुखमाबाई : हात कापून राह्यले माहे.

करिष्मा : कापू दे. थांबले की उचल.

रुखमाबाई : अन् मोडलं काही त?

करिष्मा : त मले सांगजो. तवाच्या तवा सांगजो.