दहापैकी दोन

इंदूबाई : दोन म्हनलं ना, सिस्टर. लिवा दोन. कालबी दोनच होते.

दीक्षा सिस्टर : मणक्याचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेत, इंदूबाई. शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. नीट विचार करून सांगा.

इंदूबाई : इचार कायचा? पाच लेकरं घरीच झाले मले. मालक ओसरीत बसून होते, त्याइले आवाज आला तो लेकराचाच.

सीमा : आत्याबाई, औषधासाठी इचारून राहिल्या त्या.

इंदूबाई : तू गप राय. सिस्टर, हे माही सून. एक सिझर काय झालं, सा महिने कंबर कंबर लावलं हिनं. मी म्हनलं, कंबर सगळ्याइलेच असते.

दीक्षा सिस्टर : अकरा वाजता डॉक्टर स्वतः विचारतील. दोन म्हणालात तर सलाइनमधलं दुखण्याचं औषध बंद करून साध्या गोळीवर आणतील. आणि आजच तुम्हाला उभं करून चालवायचंय. इतकं दुखत असताना पाऊल उचलणार नाही, पडूनच राहाल.

इंदूबाई : दोन दिवस दोनवर निभलं. आजबी निभन.

दीक्षा सिस्टर : निभलं, कारण औषध आठचं चालू होतं.

इंदूबाई : आठ कोन म्हनलं?

दीक्षा सिस्टर : तुमची सून. रोज माझ्यामागे बाहेर येते. मग मीही तुमच्याकडे नीट पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं.

इंदूबाई : सीमे. दुखते मले, आन आकडा सांगते तू?

सीमा : तुमी दोन म्हनता तवा चादर मुठीत धरता. कूस बदलाच्या पह्यले कोनाले तरी बोलून घेता.

इंदूबाई : लय ध्यान हाय माह्याकडं. कुठं शिकली हे?

सीमा : घरीच. सिझर झालं तवा तुमाले सांगितलं ते दोनच होतं, आत्याबाई. बाकीचं सांगितलंच नाई.

(बाहेर डॉक्टरांचा आवाज. शेजारच्या खाटेपर्यंत आलेत.)

इंदूबाई : सिस्टर, आठ लिवा. मी सांगीन त्याइले.

दीक्षा सिस्टर : बरं.

इंदूबाई : सीमे, हिवरखेडहून घरचा फोन आला तं दोनच सांगजो.

सीमा : हो.

इंदूबाई : आन सकाळपासून उभी काहून हायस? तो स्टूल घे, बस. कंबर दुखत असन तुही.