कापडाखालची फियाट

मंडळी, एक विचारतो, उत्तर मनातच द्या. वस्तूवर खरी माया कोणाची? जो तिला जपून ठेवतो त्याची, की जो वापरून झिजवतो त्याची? घाई नको—आधी ऐका!

कऱ्हाडात नलवडे सर म्हणून एक निवृत्त मास्तर. त्यांची फियाट, पांढरीशुभ्र. शेजारी पिठाची गिरणी चालवणारे किसनराव—त्यांची काळी अँबॅसिडर. दोन्ही गाड्या चाळीस वर्षांच्या. दसऱ्याला गाड्यांना हार घातले, की वाद सुरू—भारी कोणाची? सर म्हणत, माझी चपळ, पेट्रोलही कमी पिते. किसनराव म्हणत, माझीत नऊ माणसं बसतात, वर पिठाचं पोतं! खरं दोघांचंही होतं.

पण निगा बघा. सरांची फियाट कायम कापडाखाली. रविवारी पॉलिश. आरसा नको, बॉनेटमध्ये बघून दाढी करा! रस्त्यावर मात्र सहसा न्यायची नाही—खड्डे असतात, धूळ असते. किसनरावांच्या गाडीला चारही बाजूंनी पोचे. पण ऑइल वेळेवर बदललेलं, ब्रेक तपासलेले. गल्लीतली प्रत्येक बाळंतीण तिच्यातूनच घरी आलेली.

हसताय काय? पुढं ऐका.

एका सकाळी चाफळहून फोन आला. सरांच्या पत्नी अनसूयाकाकू, त्यांची धाकटी बहीण शेवटच्या घटका मोजत होती. सारखी ताईचं नाव घेत होती. एसटी एकदम दुपारी. सरांनी कापड ओढलं, किल्ली फिरवली—गाडी गप्प! किसनरावांनी धावत येऊन आपली बॅटरी जोडून पाहिली. तरी नाही. आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. उभ्याउभ्याच म्हातारी झाली हो ती गाडी! काकू दारात पिशवी घेऊन उभ्या. सरांना मान वर करवेना.

आणि किसनराव? इतक्या वर्षांचा वाद त्या क्षणी जिंकला होता त्यांनी. पण ते तसेच घराकडे धावले, आपली गाडी दारात आणली आणि काकूंसाठी दार उघडलं. मंडळी, हा माणूस मला फार आवडतो.

उंब्रज मागं पडलं, तशा काकू हळूच म्हणाल्या, "अहो, आपल्या गाडीत मी चारदा बसले. चारही वेळा तुम्ही चपला हातात घ्यायला लावल्या."

रागानं नाही हं. सांगायचं राहून गेलं होतं, ते सांगितलं. सर खिडकीबाहेर तोंड करून रडले.

बहीण भेटली! ओळखलं तिनं. दुपारभर ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि दिवस मावळताना तिथंच शांत झाली.

तेरावं झाल्यावर सरांनी मिस्त्री बोलावला, गाडी सुरू करून घेतली. काकू सवयीनं वाकल्या, तर सरांनी हात धरला. "राहू दे. चपला घालूनच बस."

आता तुमच्याकडे वळतो. चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी कपाटात ठेवता, ठेवा बापडे. पण गोड शब्द? तेही कापडाखालीच! आईशी, बायकोशी, भावाशी बोलायला ते बाहेर कधी काढणार? देवानं जीभ दिली, हात दिले, ते माणसांसाठी झिजवायला. आज घरी गेलात की आधी एकाला तरी मायेनं हाक मारा. देवाचं नाव त्यानंतर घ्या. तो थांबेल तेवढं.